मागच्या सीटवरचे पाय

जरा कल्पना करा. तुम्ही सायकलवर बसला आहात, पण ही सायकल नेहमीची नाही. हिला दोन सीट आहेत, दोन हँडल आहेत आणि पायडलच्या दोन जोड्या आहेत. पुढच्या सीटवर तुम्ही बसलात. मागं कोण आहे ते तुम्हाला दिसत नाही. आता डोळे मिटा. मिटले? मग पुढचं वाचणार कसं! उघडा, उघडा. नुसतं मिटल्यासारखं करा.

मागचं माणूस बोलत नाही, हसत नाही, खोकत नाही. तरी ते आहे, हे तुम्हाला कळतं. कशामुळं? त्याच्या पायांमुळं. दोन्ही पायडल एकाच चेननं बांधलेले असतात ना, म्हणून त्याच्या पायांचा जोर थेट तुमच्या पायांपर्यंत येतो. मागं आई असेल तर तो जोर एकसारखा, जात्यावर दळल्यासारखा येईल. घाईतला मामा असेल तर गचके बसतील. चार दिवस असं फिरलात की मागं वळून न बघता तुम्ही सांगू शकाल, आज मागं कोण आहे.

आता शेवटची कल्पना. मान वळवा आणि मागं बघा. सीट रिकामी आहे. आणि तरीही मागून जोर येतोय.

घाबरू नका, ही भुताची गोष्ट नाही. ही ऋजुता इंगोले नावाच्या बारा वर्षांच्या मुलीची गोष्ट आहे. तिला मागून येणाऱ्या त्या जोराची भीती कधीच वाटली नाही. तो एक दिवस यायचा थांबेल, याची मात्र वाटायची.

वऱ्हाडात खैरीपासून करजखेडपर्यंत पूर्वी अरुंद रुळांवरून एक छोटी आगगाडी धावायची. कापसाच्या गाठी न्यायची आणि माणसंही न्यायची. पुढं ती बंद पडली, रूळ उचलले गेले, आणि बरीच वर्षं तिथं नुसती बाभळीची झुडपं वाढली. मग सरकारनं झुडपं काढून त्या जागी सायकलवाट केली. जुनी स्टेशनं, गर्डरचे पूल, करजखेडची इंजिनाला पाणी पाजायची टाकी, सगळं तसंच ठेवलं. आगगाडीला चढ सोसत नाही, त्यामुळे तिची वाट फार हळू चढते आणि हळू उतरते. मुलांनी दिवसभर सायकली हाणाव्यात अशी ती जागा झाली.

ऋजुता आणि तिचा भाऊ कौशल तिथं जोडसायकल चालवायचे. पुढं ऋजुता, मागं कौशलदादा. खरं तर मोठ्यानं पुढं बसावं असा रिवाज आहे. पण "मला वाट दिसली पाहिजे" म्हणून ऋजुतानं रडून पुढची सीट मिळवली होती. तेव्हा ती आठची होती आणि दादा बाराचा.

त्या सायकलीच्या मागच्या पायडलच्या आसात एक यंत्र बसवलेलं होतं. त्याचं नाव सोबती. ते काय करतं ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

पायडलवर पाय दाबला की आतलं पोलाद केसाच्याही हजाराव्या भागाइतकं ताणलं जातं. सोबतीला तो ताण मोजता येतो. पाय वर असताना किती जोर, खाली असताना किती, चढावर किती, वारा समोरून आला की किती, वाटेवर कुठल्या ठिकाणी किती, हे तो दर फेरीला टिपतो. प्रत्येकाचं अक्षर जसं वेगळं, तशी प्रत्येकाची पायडल मारायची तऱ्हा वेगळी. ती तऱ्हा सोबती शिकतो. मागं कुणी बसलेलं नसलं, तर एक लहानशी मोटर त्याच तऱ्हेनं चेन ओढते. जोडीदार गावाला गेला म्हणून जोडसायकल अडून राहू नये, एवढाच त्यामागचा विचार. आणि मागं कुणी कच्चं, थकलेलं बसलं असेल, तर त्याच्या पायांखाली सोबती आपला थोडा जोर घालतो.

गवतातली पायवाट तुम्ही पाहिली असेल. लोक एका बाजूनं चालतात म्हणून ती पडते. दुसऱ्या बाजूनं चालायला लागले की तिथं नवी पडते आणि जुनीवर गवत येतं. सोबतीची आठवण तशीच आहे. मागच्या पायडलवर नव्या पायांचं वजन पडलं की तो नवी तऱ्हा शिकू लागतो आणि जुनी पुसट होत जाते. हे यंत्र जिवंत माणसांसाठी केलेलं, आणि जिवंत माणसाचे पाय तर रोज बदलतात. बरं, ती आठवण दुसरीकडे उतरवूनही ठेवता येत नाही. कुणाच्या शरीराची सवय ही त्याची खाजगी गोष्ट, तिची नक्कल करायची नाही, असा कायदाच आहे. चांगला कायदा आहे. पण चांगल्या कायद्यानंही कधी कधी कुणाचं तरी काळीज दुखतं.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात कौशलला ताप आला. डेंग्यूचा. त्याला दवाखान्यात नेलं, आणि तो परत आला नाही.

महिन्याभरानं ऋजुतानं सायकल अंगणातून बाहेर काढली, पुढच्या सीटवर बसली आणि पहिली फेरी मारली. तिच्या पायांना मागून जोर लागला. डावा पाय वर आला की एक बारीकसा अडखळा. लहानपणी चिंचेवरून पडून दादाचा डावा घोटा मोडला होता, तेव्हापासूनचा तो अडखळा होता. ऋजुता कोपऱ्यापर्यंत गेली, थांबली आणि हँडलवर डोकं टेकून खूप रडली.

तेव्हापासून तिनं त्या मागच्या सीटवर कुणालाही बसू दिलेलं नव्हतं. सीट दादाच्या उंचीची, तशीच वर. बाबा दर रविवारी चेनला तेल द्यायचे, पण मागच्या पायडलला हातसुद्धा लावायचे नाहीत. संध्याकाळी चेनची घरघर ऐकू आली की आई आत जाऊन दार लावून घ्यायची. घरात यावर कुणी बोलत नसे.

त्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, ऋजुता आणि तिचे दोन मित्र सायकलवाटेनं करजखेडला निघाले. झैनब वर्गातली सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत बोलकी. सुगत सगळ्यांत बुटका, आणि त्याला ते कुणी म्हटलेलं खपत नसे. सोबत सुगतची करुणाआत्या होती. ती अकोल्याला एका कार्यशाळेत काम करायची. सायकलींची असलीच यंत्रं तिथं तपासायला येत.

सकाळी चांगली थंडी होती. दोन्ही बाजूंना तुरीची शेतं, कुठं कपाशीची शेवटची वेचणी चाललेली. सुगत पहिल्या मैलातच सुरू झाला.

"ऋजू, एकदा तरी मले हँडल दे ना व. जोडसायकलचं हँडल कसं लागते ते पाहू दे."

"पाय पुरतील का तुझे?" झैनब म्हणाली.

"तुले इचारलं का? जिराफ."

"जिराफ तर जिराफ. मला तुरीच्या वरून अख्खं करजखेड दिसतंय. तुला काय दिसतंय? तुरीची मुळं?"

ऋजुता हसली. मग म्हणाली, "तू पुढं बसलास तर मी कुठं बसू? मागं नाही बसायचं कुणी. माहितीये ना?"

"माहीत हाय," सुगत म्हणाला आणि त्यानं हँडलचा विषय सोडला. त्याला खरंच माहीत होतं.

वाटेवर जुन्या रेल्वेच्या पिवळ्या पाट्या अजून उभ्या होत्या. त्यांच्यावर लिहिलेलं असतं 'सी/फा'. म्हणजे सीटी आणि फाटक: पुढं फाटक आहे, ड्रायव्हरनं शिट्टी वाजवावी. या वाटेवर जाणाऱ्या मुलांनी त्याचा नियमच करून टाकला होता. पाटी आली की प्रत्येक टोळीतल्या सगळ्यांत मागच्यानं शीळ घालायची. ज्यानं घातली नाही त्यानं सगळ्यांना आलूबोंडे खिलवायचे. कौशलदादा दोन बोटं तोंडात घालून अशी शीळ घालायचा की शेतातले बगळे उडायचे. आता पाटी आली की सगळ्यांत मागं कोण हे ठरवताना वाद व्हायचा, कारण जोडसायकलच्या मागच्या सीटला कुणीच धरत नसे. पाय होते, पण शीळ नव्हती. पहिल्या पाटीला सुगतनं शीळ घातली. फुस्स झाली. झैनबनं ती कितीतरी वेळ त्याला परत करून दाखवली.

पुलाच्या अलीकडं एक लांब चढ होता. इतका हलका की चालताना कळायचाही नाही, पण सायकलवर मांड्यांना कळायचा. ऋजुताची सायकल सगळ्यांच्या पुढं गेली. करुणाआत्या तिच्या बाजूला आली. चढ संपायला थोडं उरलं असताना ऋजुताचे पाय एकदम जड झाले. ती सीटवरून उठली, दात ओठ खात पायडल दाबत वर आली.

"इथं काय झालं ग?" आत्यानं विचारलं.

"काही नाही. दादा दमला." ऋजुता धापा टाकत हसली. "प्रत्येक चढाला शेवटी दमायचा. मी म्हणायचे, दमलास रे म्हाताऱ्या! तर म्हणायचा, हो बाई, दमलो. ने तूच आता. मग शेवटचं सगळं मी खेचायचे."

आत्यानं खाली, फिरणाऱ्या मागच्या पायडलकडं पाहिलं. तिला काहीतरी विचारायचं होतं. पण तिनं नुसतं "अस्सं" म्हटलं आणि पुढं निघाली.

पुलावर जाड लाकडी फळ्या टाकलेल्या होत्या. पाटीवर लिहिलेलं होतं, सायकलवरून उतरून चालावं. आत्या उतरली, ऋजुता उतरली. झैनब मागून येऊन त्यांच्या पुढं निघाली. ती उतरली नाही. मागं वळून सुगतला काहीतरी म्हणाली, खळखळून हसली, आणि तिचं पुढचं चाक दोन फळ्यांच्या फटीत गेलं.

ती हँडलवरून फेकली गेली आणि उजव्या हातावर पडली. आवाज सगळ्यांनी ऐकला.

मनगट लगेच वाकडं दिसायला लागलं. झैनबचं तोंड उघडं होतं, पण आवाज निघत नव्हता. आत्यानं हवेचा पंप तिच्या हाताला आधाराला लावला, वरून आपला दुपट्टा घट्ट गुंडाळला आणि फोन केला. झैनबचे अब्बू गाडी घेऊन निघाले. पण या वाटेवर गाडी येऊ शकत नव्हती. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला कालवा. दवाखान्याचं ड्रोन दहा मिनिटांत बर्फाची पिशवी टाकून गेलं, त्याला माणूस काही उचलता येत नव्हतं. गाडी जिथं पोचेल ते फाटक पुढच्या चढापलीकडं, दोन तासांच्या चालीवर होतं.

"मी चालते," झैनब म्हणाली. दहा पावलं गेली आणि पांढरी पडून खाली बसली.

एका हातानं साधी सायकल चालवता येत नाही. ब्रेक दाबायला हात लागतो, तोल धरायला हात लागतो. तिला मागं बसवून न्यायला बाकीच्या सायकलींना कॅरियर नव्हतं. जोडसायकलच्या मागच्या सीटवर मात्र यातलं काहीच करावं लागत नाही. हे सगळ्यांना एकाच वेळी कळलं, आणि सगळे एकाच वेळी ऋजुताकडं बघू लागले.

ऋजुता दोन पावलं मागं सरकली. सायकल तिनं दोन्ही हातांनी धरली होती.

"नाही," ती म्हणाली.

"ऋजू—"

"नाही म्हणजे नाही. तिथं कुणी बसलं तर तो जाईल."

"अव, सीट रिकामी हाय ना!" सुगत ओरडला.

"रिकामी नाहीये ती!"

पुलाखालचं पाणी ऐकू येत होतं. आत्या रागावली नाही. ती रागावली असती तर ऋजुताला सोपं गेलं असतं.

झैनबच बोलली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी पाय नाही ठेवणार. नुसती बसते. पाय वर धरून बसते. मग तो शिकणार नाही ना, आत्या?"

"वजन नाही पडलं तर नाही शिकणार," आत्या म्हणाली.

मग तसं ठरलं. झैनबला मागं बसवलं. तिनं डावा हात हँडलला धरला, उजवा छातीशी, आणि पाय मधल्या दांड्याजवळ वर आखडून घेतले. तिची सायकल सुगतनं आपल्या सायकलीसोबत धरून घेतली. ऋजुतानं पायडल मारला. मागून दादाचा जोर आला. अडखळा आला. सगळं होतं तसं होतं.

पण बसलेल्या माणसाला पाय अधांतरी धरून तोल राखणं किती कठीण असतं, ते कधी करून पाहा. फिरणारे पायडल झैनबच्या पोटऱ्यांवर आपटत होते. प्रत्येक खड्ड्याला तिच्या हाताला हिसका बसत होता. ती हूं की चूं करत नव्हती. सबंध वर्गाला बोलण्यात हरवणारी झैनब गप्प होती, आणि ऋजुताला ते गप्प राहणं पाठीवर जाणवत होतं.

थोडं गेल्यावर ऋजुतानं मान वळवली. झैनबनं खालचा ओठ दातात धरला होता. हनुवटीवर रक्ताचा बारीक थेंब होता. पायांच्या दोन्ही पोटऱ्या लाल झाल्या होत्या. तिचे पाय थरथरत होते, आणि ते खाली जाऊ नयेत म्हणून ती सगळा जोर लावत होती. कुणासाठी? तिनं कौशलदादाला दोनतीनदाच पाहिलं होतं.

ऋजुतानं ब्रेक दाबला. सायकल थांबली. ती बराच वेळ समोर बघत राहिली. समोर काहीच नव्हतं, नुसती सरळ वाट.

"पाय ठेव," ती म्हणाली.

"अगं, मला जमतंय—"

"झैनब, पाय ठेव!"

झैनबनं हळूच, कुणाच्या तरी अंगाला पाय लागू नये तसे, दोन्ही पाय पायडलवर ठेवले.

सायकल निघाली. सुरुवातीला काहीच बदललं नाही. थकलेल्या झैनबच्या पायांखाली सोबती जोर घालत होता, आणि तो जोर दादाचाच होता. मग कुठं तरी डाव्या पायाचा अडखळा एकदा आलाच नाही. परत आला. मग दोनदा आला नाही. ऋजुता प्रत्येक फेरीला वाट बघत होती. अंधारात जिन्यावरून उतरणाऱ्या माणसाची पावलं ऐकावीत, आणि ती दूर दूर जावीत, तसं होत होतं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि समोरून वारा असल्यामुळं ते कानांकडं जात होतं.

फाटकाआधीच्या चढावर मागचा जोर पुन्हा एकदा चांगला लागला. आणि चढ संपता संपता सुटला. ऋजुता उभी राहिली, दोघींचं वजन ओढत वर आली. फाटकाशी पांढरी गाडी उभी होती. झैनबचे अब्बू धावत आले.

त्यांनी झैनबला गाडीत बसवलं, तिची सायकल मागं बांधली. गाडीत सगळ्यांना जागा नव्हती. "तुम्ही जा पुढं," झैनब खिडकीतून म्हणाली. "माझ्या वाटचा टाकीचा फोटो काढा." मग ऋजुताला जवळ बोलावून म्हणाली, "ऋजू, सॉरी हां. आणि एक सांगू? वर यायच्या आधी त्यानं एकदम पाय सोडले. मला वाटलं चेनच तुटली."

"दादा तिथं दमतो," ऋजुता म्हणाली. "नेहमीच."

गाडी गेली. धूळ खाली बसली. ऋजुता फाटकाच्या जुन्या खांबाशी बसली होती. करुणाआत्या तिच्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "सकाळपासून एक सांगायचं होतं. सांगू की नको, मला कळत नव्हतं. सांगू?"

"सांग."

"मी रोज या यंत्रांतून दमलेले पाय तपासते, ऋजू. हजारो पाहिलेत. दमलेला पाय एकदम सुटत नाही. आधी जोर थोडा कमी होतो, मग आणखी कमी. फेऱ्या वेड्यावाकड्या होतात, पाय थरथरतो. आणि चढ संपला तरी लगेच ताजा होत नाही. कौशलचा पाय चढभर एकसारखा चालतो, वर यायच्या जरा आधी कात्रीनं कापल्यासारखा सुटतो, आणि सपाटीवर परत होता तसाच लागतो. प्रत्येक चढाला. अगदी त्याच जागी."

ऋजुतानं तिच्याकडं पाहिलं.

"तो दमत नव्हता ग," आत्या म्हणाली. "तो सोडून द्यायचा. शेवटचं तू खेचावंस म्हणून."

 ऋजुताचा चेहरा हळूहळू रडवेला झाला.

"मी त्याला म्हातारा म्हणायचे," ती म्हणाली. "शेवटच्या वेळी पण म्हटलं. तो हसला. मी घरी जाऊन आईला सांगितलं, दादाला दम नाही, मीच आणली सायकल. त्यानं आईसमोर मान हलवली. हो म्हणाला." तिनं गुडघ्यांत तोंड घातलं. "मला कळलंच नाही, आत्या. दोन वर्षं रोज चालवली. तो रोज सांगत होता, आणि मला कळलंच नाही."

सुगत लांब उभा राहून खडे कालव्यात फेकत होता. त्याचेही डोळे लाल होते.

बऱ्याच वेळानं ऋजुता उठली. "आत्या, अजून किती उरला असेल तो?"

"थोडा. इथून पुढं एकटी चालवलीस तर तेवढा राहील. मागं कुणी बसलं, तर..." आत्यानं वाक्य पुरं केलं नाही.

करजखेडच्या टाकीपर्यंत आता एकच चढ उरला होता. शेवटचा.

ऋजुता सायकलीपाशी गेली. मागच्या सीटवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "सुगत, तुझी सायकल इथं कुलूप लावून ठेव. येताना घे."

"काहून?"

"हँडल पाहिजे ना तुला? पुढं बस."

सुगत जागेवरून हलला नाही. "मंग तू कुठं बसशील? आन् दादा..."

"बस म्हणते ना."

आत्या पुढं आली. "सीट उंच आहे ग तुला. थांब, खाली करते." पण ऋजुता एव्हाना मागं चढली होती. तिनं पाय खाली सोडले. दोन वर्षांपूर्वी ते लोंबकळले असते. आज दोन्ही तळवे पायडलवर टेकले. आत्यानं सीटच्या खिट्टीवरचा हात काढून घेतला.

सायकल निघाली. सुगत आधी डावीकडं गेला, मग उजवीकडं, मग ओरडला, "जमलं! जमलं!" ऋजुताला वाट दिसत नव्हती. समोर नुसती सुगतची पाठ आणि त्याच्या मानेवरचे केस. इतकी वर्षं दादाला हेच दिसत असणार. वाट नव्हे, आपली पाठ.

डाव्या पायाखाली, अगदी पुसट, एक अडखळा आला. आजवर तो तिला चेनमधून, लांबून कळायचा. आता तो तिच्याच तळव्याखाली होता. ती श्वास रोखून बसली. मग तिनं पायडल दाबला, तिच्या स्वतःच्या पायांनी, आणि तो अडखळा तिच्या जोरात मिसळून गेला.

चढ लागला. सुगत लगेच धापा टाकू लागला. ऋजुतानं सगळा भार स्वतःच्या पायांवर घेतला. मांड्या जळायला लागल्या.  बाजूनं जाणाऱ्या आत्यानं एकदा तिच्याकडं पाहिलं आणि नजर वळवली. पाण्याची टाकी दिसायला लागली. चढ संपायला थोडंच उरलं होतं.

आणि तिथं, अगदी त्याच जागी, ऋजुतानं पाय सोडून दिले.

सायकल जड झाली. "अव! काय झालं?" सुगत ओरडला, सीटवरून उठला, कण्हत, कुंथत, एकेक पायडल दाबत वर आला. वर येताच त्यानं विजयानं आरोळी ठोकली. "पाह्यलं का आत्या! म्या आणली! सुगत तायडेनं आणली! ऋजू, दमलीस ना व म्हातारे?"

ऋजुतानं त्याच्या पाठीकडं पाहिलं.

"हो रे बाबा," ती म्हणाली. "दमले. ने तूच आता."

पुढं पिवळी पाटी आली. सी/फा. सगळ्यांत मागं ती होती. तिनं दोन बोटं ओठांत घातली आणि फुंकली. शीळ वाजायला ओठ घट्ट लागतात, रडणारे ओठ घट्ट होत नाहीत. नुसती हवा आली. तिनं बाहीनं तोंड पुसलं, बोटं परत ओठांत घातली, आणि पाटी मागं पडली तरी ती फुंकत राहिली.